नवा टप घातला आणि गळती वाढली

गाडी २००३ सालची माझ्दा एमएक्स-५. दोन आसनी, वर काळा कापडी टप, मागे काच. मालक माझा मित्र, मूळचा पुण्याचा, आता मँचेस्टरला लागून असलेल्या स्टॉकपोर्टमध्ये राहतो. ऑक्टोबरमधल्या एका रविवारी सकाळी त्याचा फोन आला आणि नमस्कार-चमत्कार न करता त्याने सुरुवात केली, "अरे, नवा टप घालून तीन आठवडे झाले. आधी फक्त डावीकडे ओलं व्हायचं, आता दोन्हीकडे होतंय. शिवाय गाडी चालवताना गुडघ्यावर थेंब पडतो तो वेगळाच."

साडेपाचशे पौंड मोजून घातलेला टप होता. त्यामुळे आवाजात थोडा रागही होता.

मी मेकॅनिक नाही. पण राजापूर तालुक्यातल्या कौलारू घरात वाढलोय. तिथे जून लागला की रात्री कुठेतरी टप टप आवाज यायचा, आई पातेलं लावायची आणि बाबा बॅटरी घेऊन माळ्यावर चढायचे. पाणी पडतंय त्याच्या बरोबर वरचं कौल ते कधीच बदलायचे नाहीत. आधी वाशावरून बोट फिरवत ओल कुठवर जाते ते बघायचे. फुटकं कौल बहुतेक वेळा दोन हात वर सापडायचं. पाणी रिपेवरून, वाशावरून घरंगळत येतं आणि वाटेत एखादी गाठ किंवा खिळा भेटला की तिथे खाली पडतं. इंग्लंडमधल्या जपानी गाडीची गळती शोधताना मला याहून वेगळं काही करावं लागलं नाही. फक्त माळ्याची जागा फारच अरुंद होती.

आधी काय काय झालं होतं ते सांगतो, कारण अर्धं उत्तर त्यातच होतं.

गाडी मे महिन्यात घेतली. घरासमोर रस्त्याच्या कडेला, एका भल्या मोठ्या बर्चच्या झाडाखाली ती उभी असते. जुलैमध्ये वहिनी पहिल्यांदा म्हणाल्या की गाडीत ओल्या गोणपाटाचा वास येतोय. मित्राने सीटखाली हात फिरवला, गालिचा कोरडा लागला, म्हणून त्याने आरशाला झाडाच्या आकाराचा सुगंधी पुठ्ठा लटकवला. पुढे सकाळी काचा आतून धुकट व्हायला लागल्या. सप्टेंबरात त्याने सीटमागे गालिच्यावर मूठ दाबली तेव्हा बोटांच्या फटीतून पाणी वर आलं. वरचा धागा कोरडा, खालचा फोम तुडुंब.

मग त्याने जे केलं ते बहुतेक जण करतात. बाथरूमच्या टाइल्ससाठी आणलेली सिलिकॉनची नळी घेतली आणि पुढच्या काचेच्या दोन्ही कोपऱ्यांत, मागच्या काचेभोवती, जिथे जिथे फट दिसली तिथे भरली. गळती तशीच राहिली. तेव्हा त्याने ठरवलं की टपच जीर्ण झालाय. जुना टप व्हिनाइलचा होता आणि घडी पडते तिथे खरोखरच चिरला होता, म्हणजे आज ना उद्या तो बदलावा लागणारच होता. एका टप बसवणाऱ्याकडे गाडी गेली आणि नवा, मोहेअर म्हणतात त्या जाड कापडाचा टप चढवून परत आली. नाव मोहेअर असलं तरी हल्ली ते कापड लोकरीचं नसतं. वर अ‍ॅक्रिलिक धाग्याचं विणकाम, मधे रबराचा थर, आत अस्तर असं ते असतं. पाणी अडवतो तो मधला रबर. त्यामुळे तीन आठवड्यांच्या नव्या कापडातून पाणी झिरपेल यावर माझा सुरुवातीपासून विश्वास नव्हता.

फोनवरच मी त्याला चार गोष्टी विचारल्या. गाडी उभी असताना भिजते की चालताना? दोन्ही वेळा, पण वेगवेगळ्या जागी. जास्त ओल पुढे पायापाशी आहे की सीटच्या मागे? सीटच्या मागे. वास कुबट आहे की गोडसर? कुबट. एसी लावल्यावर वाढते का? एसी कोण लावतंय इथे! शेवटचे दोन प्रश्न विचित्र वाटतील, पण ओल्या गालिच्याचं खापर दर वेळी पावसावर फोडून चालत नाही. हीटरमधून कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, गळत असेल तर गोडसर वास येतो आणि काचेवर आतून तेलकट थर धरतो. एसीची नळी तुंबली असेल तर पुढच्या बाजूला पायापाशी पाणी साचतं. आमच्याकडे यातलं काही नव्हतं. पाणी वरूनच येत होतं, आणि मागून.

आता या गाडीत पावसाचं पाणी जातं कुठे ते समजून घ्यायला हवं. मला स्वतःला ते कळायला अर्धा दिवस लागला. आपली समजूत अशी की टप म्हणजे छत्री; सगळं पाणी बाहेरच्या बाहेर ओघळलं पाहिजे. पुढच्या आणि बाजूच्या भागात तसंच होतं. मागची गोष्ट वेगळी आहे. टपाची मागची कड पत्र्याला बाहेरून चिकटवलेली नसते, ती पत्र्याच्या आतल्या बाजूला उतरते. मागच्या काचेवरून येणारं पाणी कापड आणि पत्रा यांच्या फटीतून सरळ गाडीच्या पोटात शिरतं. ही चूक नाही, तशीच रचना आहे. आत, टपाच्या खालच्या कडेला, इकडून तिकडे गेलेली प्लास्टिकची एक पन्हळ असते. ती हे पाणी झेलते आणि डावी-उजवीकडे नेते. दोन्ही टोकांना, सीटबेल्टचा खांब असतो त्याच्या मागे, एकेक निचऱ्याचं भोक आहे. तिथून पाणी बॉडीच्या आतून खाली उतरतं आणि मागच्या चाकाच्या थोडं पुढे, जॅक लावतात त्या जागेजवळ, रस्त्यावर पडतं.

म्हणजे घराची पागोळी अंगणात न सोडता माजघरातून पन्हळीने नेल्यासारखं झालं. पन्हळ शाबूत आणि भोक मोकळं तोवर कुणाला पत्ता लागत नाही. यातलं एक बिघडलं की वर कितीही भारी कापड घाला, पाणी सीटमागेच येणार.

मित्राला हे गाडीपाशी उभं राहून दाखवलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे मी टप बदलला काय आणि नाही काय!" तसं अगदीच नव्हतं, पण जवळपास तसंच.

पावसाचा हिशोबही इथे वेगळा आहे. मँचेस्टरला वर्षाला साधारण आठशे-नऊशे मिलिमीटर पाऊस पडतो. रत्नागिरीला तीन हजारांच्या वर. आपल्याकडचा माणूस याला पाऊसच म्हणणार नाही. पण आपल्याकडे तो चार महिने कोसळतो आणि दसऱ्यानंतर ऊन सगळं खडखडीत वाळवतं. इथे तो बारा महिने भुरभुरतो आणि ऑक्टोबर ते मार्च काहीच वाळत नाही. गालिच्याखाली एकदा गेलेलं पाणी उन्हाळ्यापर्यंत तिथेच मुक्काम करतं, आणि खाली असतो पत्रा.

पुढच्या शनिवारी सकाळी काम सुरू केलं. पहिला दिवस माझ्या चुकीमुळे वाया गेला. मी उत्साहाने पाण्याची नळी टपावर सोडली आणि मित्राला आत बसवून कुठे गळतंय ते बघायला सांगितलं. पाच मिनिटांत सगळीकडे ओल दिसायला लागली. वरून सोडलेलं पाणी एकाच वेळी सगळ्या फटींवरून जातं, मग कुठल्या फटीने दगा दिला हे सांगणार कसं? शिवाय आतला फोम आधीच भिजलेला. कालचं पाणी आणि आजचं पाणी यांत फरक करता येईना. तपासणी नेहमी कोरड्यावर करायची आणि खालून वर जायची, हे मला माहीत असूनही मी केलं नाही.

मग सगळं बाहेर काढलं. दोन्ही सीट, प्रत्येकी चार बोल्ट, चौदा मिलिमीटरची गोटी, म्हणजे सॉकेट. गालिचा आणि त्याखालचा फोम. हा फोम उचलताना दोघांनी धरावा लागला. बाहेर फरसबंदीवर ठेवून पायाने दाबला तर करड्या रंगाचं पाणी वाहत गटारापर्यंत गेलं. सीटखाली काही नाणी, एक लिपस्टिक (वहिनींची नव्हे, यावर बरीच चर्चा झाली, आधीच्या मालकिणीची असावी) आणि वाळलेल्या फळाची साल मिळाली. मग फरशी पुसून, पंखा लावून गाडी रात्रभर एका ओळखीच्यांच्या गॅरेजमध्ये ठेवली.

रविवारी टप अर्धा मागे घेतला, म्हणजे सीटबेल्टच्या खांबामागे हात घालता येतो, आणि लोट्याची परीक्षा घेतली. हीच या सगळ्या प्रकरणातली खरी उपयोगी गोष्ट, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

वहिनींकडे जिलेबीसाठी आणलेला केशरी खाण्याचा रंग होता. एक लिटर पाण्यात तो कालवला. गालिचा बाहेर असल्यामुळे डागाची भीती नव्हती. आधी उजवी बाजू. भोकाच्या तोंडाशी हळूहळू पाणी ओतलं आणि मित्र बाहेर गुडघे टेकून चाकापुढे बघत बसला. "आलं!" मागच्या चाकाच्या पुढे केशरी धार लागली. लोटा रिकामा झाल्यावर थोड्याच वेळात धार थांबली. उजवीकडचा निचरा ठणठणीत होता.

मग डावी बाजू. ओतलं, खाली काही नाही. आणखी ओतलं, तरी काही नाही. भोकाच्या तोंडाशी पाणी चढत आलं, क्षणभर गच्च थांबलं आणि मग आतल्या बाजूने गुपचूप ओसंडलं. बॅटरी मारून बघितलं तर सीटबेल्टच्या खांबाच्या बुडाशी एक बारीक केशरी रेघ उतरत होती. तिथून ती सीटमागच्या पायरीवर आली, पायरीवरून फरशीवर, आणि फरशीवर हळूहळू पसरली. जुलैपासून पाणी ज्या वाटेने येत होतं ती वाट आमच्यासमोर केशरी रंगात आखली गेली. वहिनी दारातून बघत होत्या. म्हणाल्या, "भावजी, एवढ्यासाठी साडेपाचशे पौंड?"

डावी बाजूच का तुंबली याचं उत्तर रस्त्यात आहे. इथे गाड्या डाव्या कडेला उभ्या करतात आणि रस्ता मधे उंच, कडेला उतरता असतो. गाडी नेहमी किंचित डावीकडे कललेली, त्यामुळे पन्हळीतलं जास्तीचं पाणी आणि त्याबरोबर सगळा कचरा डाव्या भोकाकडे जातो. शिवाय वर बर्च. त्या झाडाचं बी अगदी बारीक, तिळाहूनही लहान, दोन्ही बाजूंना पापुद्र्यासारखे पंख. पानं फटीतून आत शिरत नाहीत, हे बी शिरतं. दमट जागी धुळीत मिसळून त्याचा लगदा होतो.

भोक साफ करायला गवत कापायच्या यंत्रात असते ती नायलॉनची जाड दोरी वापरली. टोक मेणबत्तीवर धरून बोथट केलं, म्हणजे आतली नळी फाटणार नाही. वरून घालून फिरवत फिरवत खाली नेली. मधे एका जागी ती अडली. जोर न लावता पुढे-मागे करत राहिलो, आणि एकदम सुटल्यासारखी खाली गेली. त्याबरोबर गाडीखाली थपकन काहीतरी पडलं. काळाकुट्ट गाळ, चहाच्या चोथ्यासारखा, वास तळ्याच्या काठाला येतो तसा. एवढ्याशा भोकातून चांगला वाटीभर निघाला. बोटात चोळून बघितला तर त्यात ते पंखवालं बी शाबूत होतं.

मित्र दाबाची हवा मारायला निघाला होता. तिथे मी त्याला अडवलं. आत नळी नुसती खोचलेली असते. वरून जोरात हवा किंवा पाण्याचा झोत मारला तर ती सांध्यातून निसटते, आणि मग पाणी बॉडीच्या पोकळीत कुठेही जातं. तसं झालं की लोट्याच्या परीक्षेतही कळत नाही, कारण पाणी वरून तर जात असतं. त्यापेक्षा दोरी, मग कोमट पाण्यात भांड्याचा साबण, मग साधं पाणी. तीन लोट्यांनंतर डावीकडची धार उजवीइतकी झाली.

इथे दुसरा कुणी गालिचा घालून मोकळा झाला असता. पण मला उजवी बाजू खटकत होती. तिकडचा निचरा पहिल्यापासून मोकळा होता. तरी नवा टप घातल्यापासून उजवीकडेही ओल होती. मग ती कशी?

टप पुन्हा लावला. नळीचं तोंड काढून, अगदी मंद पाणी फक्त मागच्या काचेच्या खालच्या कडेला सोडलं. मोबाइलचा कॅमेरा दिवा लावून खांबामागच्या कोनाड्यात धरला आणि व्हिडिओ घेतला, कारण डोकं तिथे जात नाही. तीन-चारदा बघितल्यावर दिसलं. पन्हळीच्या टोकाला प्लास्टिकची एक जीभ असते. ती भोकाच्या तोंडात उतरलेली असायला हवी. डावीकडे ती होती. उजवीकडे ती दुमडून भोकाच्या बाहेर, खांबाला टेकून राहिली होती. पाणी पन्हळीतून नीट यायचं, टोकाशी पोचायचं आणि मोकळ्या भोकाच्या दोन बोटं अलीकडे फरशीवर पडायचं. मी लोट्याने थेट भोकात ओतत होतो, म्हणून परीक्षेत उजवी बाजू पास झाली. परीक्षा निचऱ्याची होती. पन्हळीची घेतलीच नव्हती.

आता गळतीचा इतिहास जुळला. डावीकडचं दुखणं जुनं, गाळाचं. उजवीकडचं नवं, टप बदलताना झालेलं. टप बदलायचा तर जुनी कड सोडवावी लागते, पन्हळ हलते आणि परत बसवताना ती जीभ बोटाने चाचपूनच भोकात घालावी लागते, कारण तिथे नजर पोचत नाही. बसवणाऱ्याने डावीकडे ते केलं, उजवीकडे राहून गेलं. तो कामचुकार होता असं मला वाटत नाही. कापड त्याने सुरेख ताणलं होतं, एकही सुरकुती नव्हती. मित्राने नंतर त्याला फोन केला तेव्हा तो म्हणाला की पाणी मारून तपासलं होतं. तपासलंही असेल. दहा मिनिटं पाणी मारून गालिच्याच्या वरच्या धाग्याला ओल लागत नाही, फोम ती पिऊन टाकतो.

जीभ परत घालायला मागची आतली कड सोडवावी लागली. सीटमागचा गालिचा प्लास्टिकच्या बटणांनी लावलेला असतो, तो काढला की लोखंडी पट्ट्या दिसतात आणि त्यांवर दहाचे नट. खोल गोटी हवी. गंजलेल्या नटांवर आदल्या रात्री तेल सोडून ठेवलं होतं, तरी एक कुरकुरलाच. फक्त उजव्या टोकाकडचे नट काढले, सगळे नाहीत. सगळे काढले असते तर ताणलेलं कापड परत त्याच जागी येईल याची खात्री नव्हती. दुमडलेली जीभ थंडीत कडक झाली होती. वहिनींचा केस वाळवायचा ड्रायर दोन मिनिटं धरल्यावर ती नरम पडली आणि सरळ झाली. ती भोकात उतरवली, वरून बोट फिरवून पाहिलं, पट्टी लावली, नट हाताने बसवून मग पान्याने जेमतेम आवळले. पुन्हा मागच्या काचेवर मंद पाणी, पंधरा मिनिटं. दोन्ही चाकांपुढे धार, आत खडखडीत.

राहिला गुडघ्यावरचा थेंब.

तो पुढच्या उजव्या कोपऱ्यातला होता. पुढच्या काचेचा खांब, टपाची पुढची कड आणि दाराच्या काचेचं वरचं टोक अशा तीन गोष्टी तिथे भेटतात. बीडिंगचे, म्हणजे फट बंद करणाऱ्या रबरी कडेचे, दोन तुकडेही तिथेच टेकतात. उभ्या गाडीत तिथून काही येत नव्हतं. वेगात गाडी चालवली की टप किंचित उचलला जातो आणि फट उघडते. अशा ठिकाणी पाणी मारून फारसं कळत नाही. कागदाची परीक्षा बरी. वर्तमानपत्राची दोन बोटं रुंद पट्टी बीडिंगवर ठेवायची, दार लावायचं आणि पट्टी ओढायची. जिथे रबर दाबून बसलंय तिथे ती अडखळत येते, कधी फाटते. जिथे दाब नाही तिथे लोण्यातून सुरी यावी तशी सुटते. दाराच्या सबंध कडेला अशा दहा-बारा पट्ट्या ओढल्या. कोपऱ्याजवळच्या दोन विनातक्रार हातात आल्या.

टपाच्या सांगाड्यावरचं बीडिंग लोखंडी पन्हळीसारख्या पट्ट्यांत खोचलेलं असतं आणि त्या पट्ट्या स्क्रूने लावलेल्या असतात. स्क्रूची भोकं गोल नसून लांबट असतात, म्हणजे पट्टी थोडी मागे-पुढे, आत-बाहेर सरकवता येते. टप बदलताना या पट्ट्या काढाव्याच लागतात, कारण कापडाची कड त्यांच्याखाली जाते. जुन्या जागेची खूण केली नसेल तर परत लावताना दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे होतात. बीडिंगला तेवढं पुरतं. पुढची पट्टी सैल करून बाहेर आणि पुढे सरकवली, स्क्रू हलके आवळले, कागद ओढला, पुन्हा सरकवली. चौथ्या खेपेला कागद फाटला आणि मित्राने टाळी वाजवली.

त्याआधी एक कटकटीचं काम करावं लागलं होतं. मित्राने भरलेलं सिलिकॉन काढणं. ते रबरावर घट्ट बसत नाही आणि सुटतही नाही. अर्धवट लोंबत राहतं आणि बीडिंगला नीट टेकू देत नाही. स्वस्तातलं बाथरूम सिलिकॉन वाळताना व्हिनेगरसारखा वास येतो तो अ‍ॅसिटिक आम्लाचा, आणि उघड्या पत्र्याला ते गंज आणतं. प्लास्टिकच्या पट्टीने आणि नखांनी खरवडायला दीड तास गेला. मग बीडिंगला रबरासाठीचं सिलिकॉन ग्रीस बोटाने चोळलं. व्हॅसलीन लावायचा मोह होतो, घरात असतंच. पण ते पेट्रोलियमचं. गाडीच्या बीडिंगला वापरतात ते रबर त्याने फुगतं आणि मऊ पडतं.

गळती बंद झाली म्हणजे ओल गेली असं होत नाही. फोम बंद खोलीत उभा टेकवून ठेवला आणि हवेतली ओल शोषणारं यंत्र लावलं. दोन रात्रींत त्याची टाकी दोनदा भरली. आठ दिवस गाडी गालिच्याशिवाय चालली. आवाज एवढा की दोघांना एकमेकांशी ओरडून बोलावं लागे. वहिनी त्या आठवड्यात बसनेच गेल्या.

गालिचा नव्हता म्हणून आणखी एक गोष्ट दिसली, आणि ती चांगली नव्हती. डाव्या दाराखालच्या उंबऱ्याच्या मागच्या टोकाला, चाकाच्या अगदी पुढे, रंग फुगला होता. बोटाने दाबल्यावर पापुद्रा आत गेला. निचरा तुंबला की ओसंडलेलं पाणी काही फरशीवर येतं, काही उंबऱ्याच्या पोकळीत उतरतं, आणि ते मात्र कुणालाच दिसत नाही. या वयाच्या गाड्यांचे उंबरे नेमके तिथेच जातात. इथे तीन वर्षांवरच्या गाडीला दर वर्षी एमओटी नावाची तपासणी असते. सीटबेल्ट किंवा सस्पेन्शन जिथे बसवलेलं असतं त्याच्या तीस सेंटिमीटरच्या आत पत्रा गंजून कमजोर झाला असेल तर गाडी नापास. आमचा फुगवटा त्या हद्दीतच होता. जानेवारीत वेल्डिंग करून नवा तुकडा बसवावा लागला, आणि त्याचं बिल टपाच्या निम्म्याहून जास्त आलं. आमचा दुरुस्तीचा खर्च मात्र नायलॉनची दोरी, ग्रीसची ट्यूब आणि जिलेबीचा रंग धरून वीस पौंडांच्या आतला.

बर्चचं झाड कौन्सिलचं आहे, त्याला हात लावता येत नाही. समोरच्या शेजाऱ्यांकडे एकच मोठी गाडी आहे, तिला पक्कं छत आहे. त्यांच्याशी बोलून मित्राने जागा बदलून घेतली. तरी वारा आहेच, बी येतंच. त्यामुळे आमच्याकडे मे महिन्यात घर शाकारतात तशी गाडीचीही एक शाकारणी ठरली आहे. बर्चचं बी गळून संपलं की एकदा आणि हिवाळा सरता सरता एकदा. टप अर्धा मागे घ्यायचा, कोनाड्यात बोट फिरवायचं, दोरी घालायची, लोटा ओतायचा.

फेब्रुवारीतल्या शाकारणीला मी गेलो नव्हतो. संध्याकाळी मित्राचा मेसेज आला : लोटाभर पाणी, उजवीकडे सोळा सेकंद, डावीकडे अठरा.